शेजारणीचा सोऱ्या

चकल्यांचा सोऱ्या आमच्या घरी कित्येक वर्षे नव्हता. भाजणी घरची, तेल घरचे, उत्साह तर घरचाच. सोऱ्या मात्र शेजारच्या काकूंचा. त्या बिचाऱ्या न मागता आणून देत. मग विकत घ्यायचा कशाला? एका दिवाळीत काकूंकडेच बाहेरची मोठी मागणी आली आणि "यंदा जरा थांबावं लागेल हं" असा निरोप आला. दोन दिवस भाजणीचा डबा आमच्याकडे पाहत बसला आणि आम्ही डब्याकडे.

या फजितीची आठवण मला 2025 च्या गणेशोत्सवात झाली. विजेवर चालणारी स्कूटर गणपतीच्या मुहूर्तावर दारात यायची होती. सौभाग्यवतींनी ओवाळणीचे तबक कुठले घ्यायचे तेही ठरवले होते. आणि विक्रेत्याचा फोन आला, "सर, चुंबक अडकलंय!"

चुंबक म्हणजे टाचण्या उचलणारा तांबडा नाल, एवढेच माझे ज्ञान. पुढे कळले ते असे : या स्कूटरच्या मोटारीत निओडिमियम नावाच्या मूलद्रव्याची चुंबके असतात. आकाराने लहान, पण ओढ विलक्षण. मोटार तापली तरी ती ओढ टिकावी म्हणून त्यांत डिस्प्रोसियम, टर्बियम अशी आणखी मंडळी चिमूटभर घालतात. हा सारा व्यवहार जवळजवळ चीनच्या मुठीत. 2025 च्या एप्रिलमध्ये चीनने अशा सात मूलद्रव्यांच्या आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीला परवान्याची अट घातली आणि आपल्याकडच्या कारखान्यांची धावपळ उडाली.

गंमत अशी, की भाजणी आपल्याकडे आहे! केरळातील चवरा, तमिळनाडूतील मनवलकुरिची येथल्या किनाऱ्यांवरच्या काळसर वाळूत मोनाझाइट सापडते. त्यात ही द्रव्ये आहेत. 1950 साली 'इंडियन रेअर अर्थ्‌स' ही संस्था स्थापन झाली आणि थोड्याच वर्षांत केरळात अलवायेचा कारखाना सुरू झाला. म्हणजे आपण उशिरा उठलो असेही नाही. पण त्या वाळूत थोरियमही असल्याने तिच्याकडे आपण मुख्यतः अणुशक्तीच्या नजरेने पाहिले. ही मूलद्रव्ये गुणधर्मांनी जुळ्या भावंडांसारखी. ती एकमेकांपासून सोडवायला रसायनांच्या शेकडो फेऱ्या लागतात. मग धातू करायचा, मग भुकटी, मग दाबून-भाजून चुंबक. हे मधले कष्टाचे, किचकट आणि घाण मागे ठेवणारे काम चीनने चिकाटीने अंगावर घेतले, माल स्वस्त दिला, आणि आपण म्हणालो, काकू आहेतच की!

बॅटरीचे रडगाणेही याच सुरातले. तिचा डबा आपण इथे जोडतो, आतले घट बहुतांशी बाहेरून येतात.

याच सुमारास माझा एक जुना विद्यार्थी भेटला. भोसरीत त्याची लेथची छोटी शेड आहे. वडिलांपासून इंजिनाचे सुटे भाग करतात. विजेच्या गाडीला इंजिनच नाही. तेव्हा त्याने कर्ज काढून नवे यंत्र घेतले आणि मोटारीचे दांडे करायची पहिली ऑर्डर मिळवली. तीही थांबली होती. दांडे तयार, चुंबक नाही! सात माणसांचा पगार द्यायचा होता. समुद्रापलीकडे एका कागदावर सही होत नाही म्हणून भोसरीत एका घरी दसऱ्याचे कपडे येत नाहीत, हे मला तेव्हा उमगले. साखळी म्हणतात ती ही.

मी उत्साहाने म्हणालो, "अरे, आता आपणच चुंबकं करू!"

तो हसला. "करू की, सर. पण पहिली काही वर्षं ती महाग पडतील, काही बिघडतीलही. तुम्ही घ्याल का ती गाडी?"

मी चहा मागवला. उत्तर सुचत नसले की मास्तर चहा मागवतात.

2025 च्या नोव्हेंबरमध्ये केंद्र सरकारने देशात वर्षाला 6,000 टन चुंबके तयार व्हावीत म्हणून 7,280 कोटी रुपयांची योजना मंजूर केली. चांगले झाले. पण पैशाने सोऱ्या येतो. हात बसायला वेळ लागतो. त्या फजितीनंतर आम्ही पितळेचा सोऱ्या घेतला. पहिल्या घाण्याच्या चकल्यांना ना काटा, ना वेढा. तेलात नुसता चुरा. काकूंच्या चकलीची सर येईना. तरी आई म्हणाली, "टाकायचं नाही. घरचं आहे, खायचं." आम्ही तोंडे वाकडी करून खाल्ले. तिसऱ्या दिवाळीला काकूंनी आमच्याकडून भाजणीचे प्रमाण विचारून घेतले.

स्कूटर अखेर दसरा उलटल्यावर आली. ओवाळून झाले. त्या विद्यार्थ्याचा प्रश्न मात्र अजून माझ्याकडे पडून आहे, आणि या दिवाळीत फराळाचे ताट पुढे आले, की तो तुमच्यापुढेही ठेवावा म्हणतो : पहिल्या घाण्याचा चुरा खायची आपली तयारी आहे ना?