लोखंडावरची अक्षरे

आमच्या दापोऱ्यातील किराणा दुकानाच्या फळीवरसुद्धा आता काळ्यापांढऱ्या चौकटींचा कागद चिकटविलेला असतो. ग्राहक त्यापुढे मोबाईल धरतो आणि पैसे देऊन मोकळा होतो. हा क्यूआर कोड मुळात पैशांसाठी जन्मला नाही, हे मात्र फारच थोड्यांना ठाऊक असेल. जपानच्या डेन्सो कंपनीत १९९४ साली तो तयार झाला, तो मोटारीच्या सुट्या भागांचा माग ठेवण्यासाठी.

खोक्यावर कागद चिकटतो. पण तेलाने माखणाऱ्या, तापणाऱ्या, धुतल्या जाणाऱ्या भागावर तो टिकावा कसा? म्हणून खूण धातूवरच उमटवितात. टोकदार सुईने बारीक खड्डे पाडतात किंवा लेसरने कोरतात. त्यासाठी बहुधा डेटा मॅट्रिक्स ही क्यूआरची चुलत बहीण वापरली जाते. तिच्या दोन लगतच्या कडा सलग आणि उरलेल्या दोन तुटक असतात. जागा तिला नखाएवढीही पुरते.

अडचण येते ती वाचताना. कागदावर पांढऱ्यावर काळे असते. येथे लोखंडावर लोखंडच. जुनी मोटारसायकल नावावर करून घेताना चेसिस नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासतात, ते याचसाठी. बुऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत १५९० चा संस्कृत लेख आहे. अशा कोरीव लेखांचे अभ्यासकही शाईचे ठसे घेतात, किंवा दिवा तिरपा धरतात. समोरून उजेड पडला की अक्षर हरवते. बाजूने पडला की खाचेत सावली साचते आणि अक्षर उठून दिसते.

कारखान्यातला हातातील स्कॅनर नेमके हेच करतो. भिंगाभोवतीचे त्याचे दिवे खड्ड्यांवर तिरपा प्रकाश टाकतात, तर चकचकीत पृष्ठभागावर पसरट, मऊ प्रकाश. मग तो सबंध चौकटीचे चित्र घेतो. थोडी चौकट खरवडली असली तरी रीड आणि सॉलोमन या गणितज्ञांनी १९६० मध्ये मांडलेल्या रीतीने हरवलेली माहिती भरून निघते. शब्दातले गळालेले अक्षर हुशार विद्यार्थी ओळखतो, तसेच काहीसे.

आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी पीथमपूरला तपासणीच्या कामावर आहे. दिवाळीत आला असता मी त्याला विचारले, “यंत्राने वाचलेच नाही तर?” तो म्हणाला, “सर, खरा मोह तिथेच होतो. आधीच्या भागाचा क्रमांक हाताने टाकला की पट्टा पुढे सरकतो.”

पण मग एका भागाची जन्मकथा दुसऱ्याच्या नावावर जाते. पुढे एखाद्या ओतकामाच्या घाण्यात दोष निघाला तर निर्दोष गाडी परत बोलावली जाते, आणि सदोष ब्रेकची गाडी मुलाबाळांसह रस्त्यावर धावत राहते.

तो आधी भाग पुसतो, मग स्कॅनरचा कोन बदलून पाहतो. तरीही साधले नाही तर भाग लाल पेटीत टाकतो, आणि त्या दिवशीचा त्याचा आकडा तेवढ्याने कमी भरतो.