प्रवासवर्णनातला खाडा

प्रवासवर्णन शिकवताना आपण फळ्यावर जी व्याख्या लिहितो, तिच्यात कुतूहल असते, निसर्ग असतो, लेखकाचे प्रसन्न व्यक्तिमत्त्व असते. मागे राहिलेले घर नसते. लेखक निघाला की दार लोटले जाते आणि उघडते ते शेवटच्या प्रकरणात. मधल्या काळात त्या घरात कोण जन्मले, कोण गेले, याची विचारपूस समीक्षा करीत नाही. ही व्याख्या अपुरी नव्हे, चुकीची आहे. भूमसारख्या गावात ती शिकवताना जीभ अडखळते.

भूमची बाहेरची ओळख खव्याची. पण दसरा-दिवाळीच्या सुमारास या तालुक्यातली कितीतरी कुटुंबे ट्रक-ट्रॅक्टरमध्ये संसार भरून पश्चिम महाराष्ट्रातल्या नाहीतर कर्नाटकातल्या साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. परततात ती कारखान्याचा पट्टा पडल्यावर, पाडव्याच्या आगेमागे. नवरा-बायकोच्या जोडीला तिथे 'कोयता' म्हणतात. हिशेबात माणसाला हत्याराचेच नाव. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल ऊस तोडून फेडायची. एक दिवस फडात उभे राहिले नाही तर तो 'खाडा', आणि खाड्याचे पैसे कापले जातात. बारसे असो, दहावा असो, मुलाची दहावीची परीक्षा असो. आपण ज्याला वर्गात 'विरह' म्हणतो, त्याचा तिथे दर ठरलेला असतो.

आमच्या एका विद्यार्थिनीने 'माझा संस्मरणीय प्रवास' या निबंधात आईवडिलांचा प्रवास लिहिला होता. आजी पौषात गेली. बाप मातीला पोचला नाही, दहाव्याला एकटाच आला. आई फडातच राहिली, कारण पूर्ण कोयता निघाला असता तर खाडा दुप्पट. एवढाच मजकूर. त्यावर आमच्यापैकी एकाने लाल शाईने शेरा मारला : 'विषयांतर'.

यावर ठरलेला आक्षेप असा, की हा प्रवास नव्हे, हे स्थलांतर. प्रवासात निवड असते, इथे पोटाची गरज आहे. ठीक. मग विष्णुभट गोडशांचे काय करायचे? वरसईचा हा भिक्षुक १८५७ साली घराबाहेर पडला तो देखावे पाहायला नव्हे. घरावर कर्ज होते आणि उत्तरेत दक्षिणा मिळण्याची आशा होती. परतताना आईवडिलांसाठी त्याने गंगेची कावड आणली. १८८३ साली लिहिलेला आणि १९०७ साली छापला गेलेला 'माझा प्रवास' आपण मराठी प्रवासवर्णनाच्या आरंभीच्या पानांवर मानाने मांडतो. पोटासाठी निघालेल्या भटजींचा तो प्रवास, आणि पोटासाठी निघालेल्या कोयत्याचे मात्र स्थलांतर? शिवाय गोडशांवर परीक्षेत प्रश्न येतो तो झाशीचा. ती कावड कुणासाठी होती, हे आजवर एकाही प्रश्नपत्रिकेत आम्ही विचारलेले नाही. (प्रश्नपत्रिका आम्हीच काढतो.)

लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० साली आले. पाठीवर बिऱ्हाड घेऊन वाटा तुडवणाऱ्या कुटुंबाचे ते पुस्तक. पण आपण त्याला आत्मकथनाच्या कप्प्यात घातले आणि प्रवासवर्णनाच्या तासाला 'अपूर्वाई' घेतली. 'अपूर्वाई' आम्हालाही आवडते. वाद तिच्याशी नाही. वाद आहे तो कप्पे पाडणाऱ्या आपल्या सवयीशी. तिच्यामुळे सुखाने फिरणाऱ्याला वाङ्मयप्रकार मिळतो आणि फिरावे लागणाऱ्याला 'सामाजिक आशय'.

दुसरा आक्षेप अधिक प्रामाणिक आहे : दिवसभर मोळ्या वाहून कोपीत परतलेला माणूस रोजनिशी कधी लिहिणार? नसेल लिहीत. पण मागे राहिलेली मुलगी लिहिते. प्रवासाची नोंद प्रवाशानेच करावी, असा दंडक कुणी घातला? आजीच्या उशाशी बसून जिने फोनच्या रिंगा मोजल्या, तिच्याकडे त्या रस्त्याची लांबी मोजण्याचे मापही होते. तिचा निबंध आम्ही पुन्हा मागून घेतला आहे. येत्या सत्रात तो प्रवासवर्णनाच्याच तासाला वाचला जाईल, 'माझा प्रवास'च्या शेजारी.