कुंडींतील जैतून

गेल्या नाताळच्या सुटीपूर्वीं सातवीच्या वर्गांत आम्हीं विचारलें, ऑलिव्ह म्हणजे काय? एकानें सांगितलें, पिझ्झ्यावर असतात त्या काळ्या चकत्या. दुसरा म्हणाला, बाळाला चोळण्याचें तेल. मग जैतून म्हणजे काय, असें विचारतांच नोहाच्या कबुतरानें चोंचींतून आणलेलें पान बहुतेकांस आठवलें. परंतु ऑलिव्ह व जैतून हीं एकाच वृक्षाचीं दोन नांवें होत, आणि संयुक्त राष्ट्रांच्या निळ्या निशाणावर पृथ्वीच्या दोहों बाजूंस ज्या डाहाळ्या काढलेल्या आहेत त्याहि त्याच वृक्षाच्या, हें कोणासच ठाऊक नव्हतें. यांत मुलांचा दोष नाहीं. कळवणांत हें झाड पाहावयास मिळावें तरी कोठें? म्हणून दुसऱ्या दिवशीं आम्हीं आमच्या घरची कुंडी वर्गांत नेली. पसरट कुंडींत हातभर उंचीचें, अंगठ्याएवढ्या जाड खोडाचें तें झाड. पानें वरून हिरवीं व खालून रुपेरी.

तेव्हांपासून पालकांचे निरोप येत आहेत. बहुतेकांस असें झाड कोठें व केवढ्यास मिळतें, एवढेंच हवें आहे. एका विद्यार्थ्याच्या आजीबाई मात्र स्वतः शाळेंत आल्या आणि म्हणाल्या, "गुरुजी, मुलांना चार चांगल्या गोष्टी शिकवायच्या सोडून झाडाचे हातपाय बांधायला शिकवतां काय?" या प्रश्नास उत्तर देणें आम्हांस अगत्याचें वाटतें, कारण बोन्सायविषयीं हा आक्षेप आपल्याकडे घरोघरीं ऐकूं येतो. असें झाड ठेवल्यास घराची भरभराट खुंटते अशी भीतिहि पुष्कळांच्या मनांत असते. त्या भीतीविषयीं आम्ही कांहीं लिहीत नाहीं; आक्षेपाची गोष्ट वेगळी.

बोन्साय हा शब्द जपानी असून त्याचा अर्थ पसरट भांड्यांत लावलेलें झाड एवढाच आहे. ही कला चीनमधून जपानांत गेली. बोन्सायची कांहीं निराळी खुजी जात नसते. तेंच रोप जमिनींत लावलें तर घराएवढें वाढेल. शेंडे खुडून, ठराविक काळानें मुळें कातरून आणि फांद्यांस तारेनें वळण देऊन त्याचा आकार राखावयाचा असतो. जैतून या कामास फार सोयीचें. त्याचें पान मुळांतच लहान, जुन्या लाकडावर घाव घातला तरी तेथून नवे धुमारे फुटतात, आणि कोरडेपणा तें निमूटपणें सोसतें. वनस्पतिशास्त्रज्ञ त्यास जाई, मोगरा व पारिजातक यांच्याच कुळांत घालतात, आणि सह्याद्रीच्या पावसाळी रानांतील पारजांभूळ तर त्याचें चुलत भावंडच. तेव्हां आपल्या अंगणास तें अगदींच परकें नव्हे.

आजीबाईंस आम्हीं विचारलें, नाशिककडील द्राक्षबागाईतदार एप्रिलांत खरडछाटणी करतात व ऑक्टोबरांत फळछाटणी करतात. वर्षांतून दोनदां वेल बोडका होतो, त्यास आपण छळ म्हणतां काय? त्यांच्या स्वतःच्या मळ्यांत डाळिंबें आहेत. बहार धरण्यासाठीं डाळिंबाचें पाणी तोडून पानगळ होईपर्यंत त्यास ताण देतात, हें आमच्यापेक्षां त्यांसच अधिक माहीत. हा युक्तिवाद आम्हांस बिनतोड वाटला होता. आजीबाई क्षणभर थांबल्या व म्हणाल्या, "डाळिंबाचीं मुळें भुईंत आहेत, गुरुजी. आम्ही पाणी तोडलें तरी तीं खालीं जाऊन ओल शोधतात. तुमच्या या झाडाला तुमच्यावांचून कोण आहे?"

आम्ही निरुत्तर झालों, आणि त्यास कारण होतें.

वर्गांत नेलेलें झाड हें आमचें दुसरें. पहिलें २०१९ सालीं एका रोपवाटिकेंतून विकत आणलें होतें. तें आम्हीं बैठकीच्या खोलींत पुस्तकांच्या कपाटावर ठेवलें आणि कपाट ओलें होऊं नये म्हणून खालीं बशी दिली. जैतुनास दिवसाचे पांच-सहा तास तरी उघडें ऊन हवें हें आम्हीं वाचलें होतें. पण आल्यागेल्यास तें दिसावें ही हौस मोठी. जुलैंत बशींत पाणी साचूं लागलें. पानें पिवळीं पडून गळूं लागलीं, तेव्हां झाड तहानलें असें समजून आम्हीं आणखी पाणी घातलें. भाद्रपदांत कुंडी उपडी केली तों मुळें काळीं पडून कुजलेलीं, व मातीस घाण येत होती. पंधरा दिवस आम्ही विकणाऱ्यास दोष देत होतों. त्याचा कांहींएक दोष नव्हता. कातरीचा तर मुळींच नव्हता. त्या झाडास आम्हीं एकदांहि कातर लावली नव्हती.

म्हणून आजीबाईंचा आक्षेप आम्हीं मान्य केला, पण तो छाटणीस लागू नाहीं, आमच्यासारख्या मालकास लागू आहे. कुंडींत मूळ घातलें त्या दिवसापासून त्या झाडाची विहीर, पाऊस व जमीन सर्व आपणच. हिरोशिमा येथील यामाकी कुटुंबाकडे पांढऱ्या पाइनचें एक बोन्साय होतें. तें १६२५ पासूनचें मानतात. ६ ऑगस्ट १९४५ रोजीं अणुबाँब पडला तेव्हां तें तेथून सुमारें तीन किलोमीटरांवर भिंतीच्या आडोशास होतें, व वांचलें. १९७६ सालीं मासारू यामाकी यांनीं तेंच झाड अमेरिकेस भेट दिलें. ज्या देशानें बाँब टाकला त्याच देशास! वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानांतील लोकांस ही हकीकत २००१ सालीं यामाकींचे नातू तेथें गेले तेव्हां समजली. ज्यानें तें झाड प्रथम लावलें तो कधींच गेला. पाणी घालणारा मात्र चारशें वर्षांत एकदांहि चुकलेला दिसत नाहीं.

कळवणांत ज्यांस हें झाड ठेवावयाचें आहे त्यांनीं फळाची आशा करूं नये. जैतुनास मोहोर येण्यास हिवाळ्यांत दीर्घ थंडी लागते. राजस्थानांत इस्रायलहून रोपें आणून लागवड झाली व २०१४ सालीं बिकानेर जिल्ह्यांत लुणकरणसर येथें तेलाचा कारखानाहि निघाला. पण तिकडील थंडी निराळी. आपल्याकडे पहाटे हुडहुडी भरली तरी दुपारीं ऊन तापतें. झाड अंगणांत किंवा गच्चीवर असावें. पावसाळ्याचे चार महिने तें छपराच्या कडेस असें ठेवावें कीं ऊन लागेल पण पागोळ्या पडणार नाहींत. मातींत अर्ध्याहून अधिक विटांचे बारीक तुकडे व जाड वाळू असावी, बाकी पानखत. बशी नकोच. पाणी घालण्यापूर्वीं बोट मातींत खुपसून पाहावें. दोन-तीन वर्षांनीं, थंडी सरतां सरतां, मुळें कातरून माती बदलावी.

तयार बोन्साय भारी किंमतीस घेऊन मुलाच्या वाढदिवशीं देणाऱ्या पालकांस आमची विनंति आहे कीं, त्याऐवजीं साधें रोप द्यावें. तयार झाड मरतें तेव्हां मुलास वाटतें, दुसरें मिळेल. सप्तशृंगाच्या डोंगरावरील खुरटलेलीं जुनीं झाडें उपटून आणण्याचा मोह तर कोणीं धरूंच नये. उपटलेलें तसलें झाड बहुधा जगत नाहीं, आणि तें आपलें नव्हे. जैतून न मिळाल्यास आपल्याच घराच्या भिंतींत उगवलेला उंबर काढून कुंडींत लावावा. तो भिंतींतून काढावा लागतोच.

आमची कुंडी आतां सातवीच्या वर्गाबाहेर ओट्यावर आहे. पाण्याच्या पाळ्या लावल्या आहेत. आरंभीं एका दिवसांत तिघांनीं पाणी घातलें, नंतर दोन दिवस कोणींच नाहीं. आतां नीट चाललें आहे. मे महिन्याच्या सुटीचें काय, हा प्रश्न होता. त्यावर आजीबाईंनीं नातवाजवळ निरोप पाठविला आहे कीं, पडवींत जागा आहे, सकाळचें पाणी त्या स्वतः घालतील. मात्र कातर तेवढी गुरुजींनीं आपल्यापाशींच ठेवावी.