शिंपटी आणि समुद्र

मे महिन्यात आम्ही सहकुटुंब दापोलीला जाऊन आलो. साने गुरुजींचे पालगड त्याच तालुक्यात. वाट वाकडी करून तेही मुलांना दाखविले. घरी परतल्यावर दोन ‘श्यामची आई’ लागोपाठ पाहिले : आचार्य अत्र्यांचा १९५३ चा आणि सुजय डहाके यांचा २०२३ चा. दुसराही कृष्णधवलच. धाकटी म्हणाली, “आई, यांच्याकडे अजून रंग आले नाहीत का गं?”

थोरला मात्र पोहण्याच्या गोष्टीवर अडला. भिऊन लपलेल्या श्यामला आई शिंपटीने मारीत विहिरीवर पाठवते! आणि आम्ही? दापोलीच्या किनाऱ्यावर चार दिवस ‘गुडघ्याच्या पुढे जाऊ नकोस’ एवढाच जप केला.

शिंपटी मला पटत नाही, बाई. पण त्या विहिरीत श्यामला सावरायला पोहणारी माणसे होती, हे त्या माउलीला ठाऊक होते. आमच्या बिऱ्हाडात पाण्यात उतरून मुलाला धरील असे एकही माणूस नाही. तेव्हा दिवाळीनंतर थोरल्याला तलावावर घालायचे ठरले आहे. फॉर्म दोन आणलेत. दुसऱ्यावर ह्यांचे नाव आहे. ह्यांना अजून सांगितलेले नाही.