दिवाबत्तीला नियम हवेत

जानेवारी महिन्यात एखाद्या अमावास्येच्या रात्री आठ-नऊच्या सुमारास गच्चीवर जा आणि मृग नक्षत्र पाहा. चार कोपऱ्यांचे चार तारे आणि मधला तीन ताऱ्यांचा बाण सहज सापडेल. आता मृगाच्या डोक्याचे तीन मंद तारे शोधा. आकाश निरभ्र असून तिन्ही वेगवेगळे दिसले, तर तुमच्या गावचे आकाश अजून बरे आहे असे समजा. दिसले नाहीत, तर दोष बहुधा तुमच्या डोळ्यांचा नाही, गावच्या दिवाबत्तीचा आहे.

मी कॉलेजच्या मुलांना दर वर्षी आकाशदर्शनासाठी माळावर नेतो. पूर्वी त्यासाठी दहा मिनिटे चालले की पुरे होई. चौकात उंच खांबावर दिव्यांचा झुबका बसला, तेव्हापासून पाच किलोमीटर लांब जावे लागते. ही तक्रार मी एकदा वर्गात बोलून दाखवली, तेव्हा मागच्या बाकावरची एक विद्यार्थिनी उठून म्हणाली, "सर, तुम्हाला तारे दिसावेत म्हणून आम्ही रात्री अंधारातून घरी जायचं का?"

प्रश्न बिनतोड होता. त्या रात्री मी तिच्या घरच्या रस्त्याने मुद्दाम चालत गेलो. चौक लख्ख उजळलेला होता. पण दिव्यांकडे तोंड करून चालताना डोळे दिपत होते आणि कडेला कोण उभे आहे ते ओळखू येत नव्हते. चौक ओलांडून तिच्या बोळात शिरलो, तर तिथे एकही दिवा नव्हता. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस ते तीस मिनिटे लागतात. म्हणजे चौकातल्या झगमगाटाने त्या मुलीचा बोळ अधिकच काळोखा केला होता. दुसऱ्या दिवशी मी तिला सांगितले, की तुझ्या बोळात दिवा हवाच. माझे भांडण दिव्याशी नाही, उधळलेल्या उजेडाशी आहे.

हा उजेड उधळला जातो कसा? गोल काचेच्या उघड्या दिव्याचा प्रकाश सर्व दिशांना सारखा जातो, म्हणजे जवळजवळ निम्मा वर. वर गेलेला प्रकाश हवेतील रेणूंवर आणि धूलिकणांवर आदळून विखुरतो आणि सबंध आकाश दुधाळ करतो. क्षितिजाच्या किंचित वर जाणारे किरण सर्वांत त्रासदायक, कारण त्यांचा हवेतील मार्ग सर्वांत लांब असतो. शिवाय हवेच्या रेणूंमुळे होणारे विकिरण तरंगलांबीच्या चतुर्थ घाताच्या व्यस्त प्रमाणात असते, हे तुम्ही शिकला आहात किंवा लवकरच शिकाल. 450 नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा प्रकाश 589 नॅनोमीटरच्या पिवळ्या प्रकाशाच्या जवळजवळ तिप्पट विखुरतो. गणित करून पाहा. पांढऱ्याशुभ्र एल.ई.डी. दिव्यांत हा निळा भाग भरपूर असतो.

हानी केवळ ताऱ्यांची नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासच्या किनाऱ्यावर अंड्यांतून बाहेर पडणारी कासवाची पिल्ले क्षितिजाच्या उजळ बाजूकडे, म्हणजे एरवी समुद्राकडे धावतात. किनाऱ्यावर प्रखर दिवे असले, तर अशी पिल्ले उलट दिशेला जातात आणि मरतात.

यावर नियम करता येतात आणि ते पाळलेही जातात. अमेरिकेतील फ्लॅगस्टाफ शहराजवळ लॉवेल वेधशाळा आहे. प्लूटोचा शोध 1930 साली तिथेच लागला. जाहिरातीसाठी आकाशात झोत फिरवणारे दिवे तिथल्या नगरपालिकेने 1958 सालीच बंद केले. पुढे 1989 साली एका एकरात एकूण किती प्रकाश वापरावा, यावरही मर्यादा आली. सत्तर हजारांवर वस्तीचे हे शहर अंधारात बुडालेले नाही. रस्ते उजळलेले आहेत आणि आकाशही जपलेले आहे.

फार दूर कशाला जा! लडाखमधील हानले येथे आपली दोन मीटर व्यासाची दुर्बीण आहे. 2022 साली तेथील परिसर गडद आकाशाचे राखीव क्षेत्र म्हणून जाहीर झाला. आपल्या नागपूर जिल्ह्यातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी 2024 मध्ये असाच आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. त्यासाठी आसपासच्या वाघोली, सिल्लारी, पिपरिया व खापा या गावांतील शंभरावर दिवे बदलून खाली तोंड असलेले बसवण्यात आले. दिवे काढले नाहीत, त्यांचे तोंड फिरवले, हे लक्षात घ्या.

माझ्या मते प्रत्येक ग्रामपंचायतीने व नगरपालिकेने चार साधे नियम करावेत. एक, सार्वजनिक दिव्याला वरून झाकण असावे आणि त्याचा प्रकाश आडव्या रेषेच्या वर जाऊ नये. दोन, दिव्याचा रंग पिवळसर असावा, म्हणजे रंगतापमान 3000 केल्विनपेक्षा जास्त नसावे. तीन, जाहिरातींचे व इमारतींच्या शोभेचे दिवे रात्री दहानंतर बंद व्हावेत. चार, चौकात झुबका लावण्याआधी प्रत्येक बोळात एक दिवा पोचावा. दिवाळीच्या आकाशकंदिलाला यातून खुशाल सूट द्यावी. चार दिवसांच्या त्या मिणमिणत्या उजेडाने आकाशाचे काही बिघडत नाही.

"यासाठी पैसा कुठून आणायचा?" असे सरपंच विचारतील. त्यांच्यापुढे हिशोब ठेवा. 60 वॅटच्या उघड्या दिव्याऐवजी झाकण व परावर्तक असलेला 30 वॅटचा दिवा रस्त्यावर जवळपास तेवढाच उजेड पाडू शकतो. रोज अकरा तास धरले, तर एका दिव्यामागे वर्षाला सुमारे 120 युनिट वाचतात. शंभर दिव्यांमागे 12,000. नवे दिवे टप्प्याटप्प्याने, जुने बिघडतील तसे बसवता येतील.

गावातील दिवाबत्ती हे ग्रामपंचायतीचेच काम आहे, तेव्हा नियमासाठी दिल्लीकडे पाहत बसण्याचे कारण नाही. तुम्हाला मत देण्याचा अधिकार अजून नसेल, पण मोजमाप करण्यासाठी वयाची अट नाही. जगभरातील हौशी लोकांनी 2011 ते 2022 या काळात साध्या डोळ्यांनी केलेल्या निरीक्षणांवरूनच शास्त्रज्ञांनी 2023 साली दाखवून दिले, की आकाशाची उजळी सरासरी दरवर्षी जवळजवळ दहा टक्क्यांनी वाढते आहे. अशीच वाढ होत राहिली, तर आठ वर्षांत ती दुप्पट होते.

तेव्हा शिक्षकांना बरोबर घेऊन या जानेवारीत एक काम करा. मृगाच्या चौकोनात किती तारे दिसतात ते गावात चार ठिकाणी मोजा. गावातील दिव्यांची यादी करा: किती उघडे, किती झाकलेले आणि कोणत्या बोळात एकही नाही. मग ती वही 26 जानेवारीच्या ग्रामसभेत मांडा. वहीतले शेवटचे पान, बिनदिव्याच्या बोळांचे, सर्वांत आधी वाचून दाखवा.