व्याख्यान झाले, पण कुणासाठी?

कला महाविद्यालयात विज्ञान दिन साजरा होतो, हे ऐकून माझे विज्ञान शाखेतले मित्र हसतात. परंतु आमच्याकडे तो दरवर्षी होतो. यंदा २८ फेब्रुवारीला पुण्याहून एक हवामानशास्त्रज्ञ बाई व्याख्यानाला आल्या होत्या. विषय होता ‘मान्सून आणि हवामानबदल’. दीपप्रज्वलन झाले, परिचय झाला, शाल-श्रीफळ झाले. व्याख्यान सुरू झाले तेव्हा सभागृह गच्च भरलेले होते. संपले तेव्हा मागच्या सात-आठ रांगा ओस पडल्या होत्या. ‘वेळेअभावी प्रश्नोत्तरे घेता येणार नाहीत’ असे सूत्रसंचालकांनी जाहीर केले, आभार मानले आणि कार्यक्रम संपला. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटोही आला.

बाईंचे काही चुकले असे मी म्हणणार नाही. त्या सांगत होत्या ते फार मोलाचे होते. गिल्बर्ट वॉकर हा गणितज्ञ १९०४ साली भारताच्या हवामान खात्याचा प्रमुख झाला. आपल्या पावसाचा अंदाज आधी कसा बांधावा याचा शोध घेताना, प्रशांत महासागर आणि हिंदी महासागर यांवरील हवेचा दाब तराजूच्या पारड्यांसारखा वर-खाली होतो, हे त्याच्या ध्यानात आले. एल निनोचे वर्ष आले की आपल्याकडचा पाऊस बहुधा का बिघडतो, याचे धागे तिथपर्यंत पोहोचतात. केवढी सुरस कथा ही! पण ती इंग्रजीत सांगितली गेली आणि मागच्या रांगांना आलेखांपलीकडे काही दिसले नाही. समोर कोण बसणार आहे, हे बाईंना कुणी कळवलेलेच नव्हते.

मी स्वागत समितीत होतो. चहाचा कप त्यांच्या हाती देताना धीर करून मी माझा प्रश्न विचारला. आमचे गाव माण तालुक्यातले. २०२३ साली पावसाळा बरा होणार असे टीव्हीवर ऐकून वडिलांनी उसनवारी करून बियाणे आणि खत घेतले. पाऊस उशिरा आला, जुलैत बाजरी पेरली, उगवणही चांगली झाली. मग ऑगस्ट महिना सगळा कोरडा गेला आणि पोटरीत आलेली बाजरी डोळ्यांदेखत करपली. त्या वर्षापासून अंदाजाचा विषय निघाला की वडील म्हणतात, “त्यांच्यापेक्षा पंचांगातला बेडूक बरा!” नक्षत्राचे वाहन बेडूक असले की पाऊस चांगला, अशी आमच्याकडची समजूत आहे. मी विचारले, “मॅडम, असा अंदाज चुकतो कसा?”

त्या क्षणभर थांबल्या आणि स्वच्छ मराठीत म्हणाल्या, “एक सांग. आठवड्याच्या चौदा भाकरी तू एकाच दिवशी खाल्ल्यास आणि सहा दिवस उपाशी राहिलास, तर रोजची सरासरी किती?”

“दोन.”

“सरासरी बरोबर आली, पण तू जगशील का?”

मग त्यांनी सगळा हिशेब मांडला. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत देशात सरासरी सुमारे ८७ सेंटिमीटर पाऊस पडतो. एप्रिल २०२३ मध्ये जाहीर झालेला अंदाज या सरासरीच्या ९६ टक्क्यांचा होता आणि त्यात पाच टक्के इकडे-तिकडे होईल असेही म्हटले होते. हंगामाअखेर पाऊस झाला सुमारे ९४ टक्के. हिशेबाने पाहिले तर अंदाज चुकला नव्हता. पण जुलैत पाऊस सरासरीहून १३ टक्के अधिक झाला आणि ऑगस्टमध्ये ३६ टक्के कमी. १९०१ पासूनच्या नोंदींतला तो सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. शिवाय तो आकडा साऱ्या देशाचा होता. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तिथून पूर्वेला सुमारे शंभर किलोमीटरवर आमच्या माणदेशात पाचशेच्या आसपास. देशाच्या आकड्यात माणचे शेत कुठून सापडणार?

ही सारी समजूत पाच मिनिटांत पटली. चहा संपला, गाडी आली, बाई गेल्या. माझ्या मनात मात्र एकच विचार घोळत राहिला. खरे व्याख्यान सभागृहात झालेच नाही, ते चहाच्या टेबलाशी झाले आणि ऐकायला मी एकटाच होतो!

शास्त्रज्ञ अंदाज सांगतो आणि आपण आश्वासन ऐकतो. हा दोष विज्ञानाचा नाही, अडाणीपणाचाही नाही. तो शब्दांच्या घोटाळ्याचा आहे, आणि शब्द हा तर आपला, कला शाखेच्या विद्यार्थ्यांचा विषय! ‘अंदाज’ आणि ‘भविष्य’ हे शब्द आपण एकाच तोलाने वापरतो. ‘शक्यता’ म्हटले की ‘होणारच’ असे ऐकतो. शाळेच्या भूगोलात ‘हवा’ आणि ‘हवामान’ यांतला फरक आपण पाठ केला होता: हवा म्हणजे आजची स्थिती, हवामान म्हणजे वर्षानुवर्षांची सरासरी. शास्त्रज्ञ त्यासाठी निदान तीस वर्षांच्या नोंदी पाहतात. परंतु बोलताना दोन्हींना आपण हवामानच म्हणतो. म्हणूनच व्याख्यानात ‘हवामानबदल’ हा शब्द येताच माझ्या शेजारचा मित्र पुटपुटला, “हवामान रोजच बदलतं की, त्यात नवल काय?” त्याच्या या शंकेचे उत्तर कुणी द्यायचे?

कुणी म्हणेल, शास्त्रज्ञाने संशोधन करावे, गावोगाव बोलत हिंडू नये; सोपे करून सांगण्यात शास्त्र पातळ होते. मला हे पटत नाही. भाकरीच्या उदाहरणात काय पातळ झाले? उलट सरासरी म्हणजे काय, हे मला आयुष्यात प्रथमच नीट कळले. आणि व्याख्यानातून काय घडू शकते याचा मोठा दाखला लंडनमध्ये आहे. १८१२ साली पुस्तकबांधणीचे काम शिकणारा एक गरीब तरुण तिथल्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हंफ्री डेव्ही यांची व्याख्याने ऐकायला गेला. त्याने टिपणे काढली, ती बांधून डेव्हींकडे पाठवली आणि पुढे त्याच संस्थेत त्याला काम मिळाले. तो मायकेल फॅरडे. त्याच संस्थेत १८५९ साली जॉन टिंडल यांनी प्रयोगाने दाखवले की पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड यांसारखे वायू उष्णता अडवून धरतात. आजच्या हवामानबदलाच्या चर्चेचा तो एक पाया आहे. आमच्या मागच्या रांगेतून उठून गेलेल्यांत एखादा फॅरडे नव्हताच, असे कोण छातीठोकपणे सांगेल?

व्याख्यानांची परंपरा आपल्यालाही नवी नाही. पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेची सुरुवात १८७५ ची; मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून मराठीतून विज्ञान सांगत आली आहे. तेव्हा उणीव परंपरेची नाही, आपल्या आळसाची आहे. आपण वक्ता बोलावतो, हार घालतो आणि आपले काम संपले असे समजतो.

माझे मागणे मोठे नाही. पाहुण्यांना बोलावताना श्रोते कोण, त्यांची शेती कोणती, त्यांचे प्रश्न कोणते, हे आधी लिहून कळवावे. व्याख्यान मराठीत व्हावे. ज्यांना मराठी येत नसेल त्यांच्या शेजारी आपल्यापैकी एकाने उभे राहून ते मराठीत सांगावे. सत्काराची वीस मिनिटे कापून प्रश्नांना द्यावीत. आणि एक व्याख्यान तरी मे महिन्यात, मृगाच्या आधी, एखाद्या गावच्या चावडीवर व्हावे. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणीची घाई करू नये, हा कृषितज्ज्ञांचा सल्ला फेब्रुवारीत सभागृहात ऐकून काय उपयोग? तो ऐकायला हवा बियाण्याची पिशवी फोडण्यापूर्वी.

त्या रात्री मी वडिलांना फोन करून चौदा भाकरींचा हिशेब सांगितला. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “हे आधी कुणी सांगितलं असतं, तर सगळ्या रानात बाजरी केली नसती. थोडी मटकी टाकली असती.” मटकी तरी त्या ऑगस्टमध्ये कितपत तगली असती, मला ठाऊक नाही. पण इतके खरे की त्यांनी त्या रात्री अंदाजाला शिवी दिली नाही. उलट विचारले, “त्या बाई आपल्या गावी येतील का?”

हाच प्रश्न मी या अंकातून आपल्या महाविद्यालयाला विचारतो आहे.