दुसऱ्याच्या मांडलिकांशी व्यवहार

तैनाती फौज म्हणजे काय, हे ज्या मुलखाने वसईचा तह भोगला त्या महाराष्ट्राला विस्ताराने सांगण्याचे कारण नाही. दरबार आपला, गादी आपली, शिक्कामोर्तबही आपलेच; मात्र छावणी परक्याची आणि अखेरचा हुकूमही परक्याचा, अशी जी अवस्था १८०२ साली पेशव्यांच्या वाट्याला आली, तशीच दुसऱ्या महायुद्धानंतर पोलंड, हंगेरी, रुमानिया या राष्ट्रांच्या नशिबी सोव्हिएत अंमलाखाली आली. अशा मांडलिकांशी प्रतिस्पर्धी महासत्तेने कसे वागावे, या प्रश्नाशी वॉशिंग्टनचे मुत्सद्दी चाळीस वर्षे झुंजले. आणि त्या चाळीस वर्षांचे दफ्तर चाळता माझे मत असे झाले आहे की, ज्याच्यासाठी आपण तलवार उपसणार नाही त्याला बंडाची चिथावणी देण्याइतके मोठे पातक परराष्ट्रनीतीत दुसरे नाही, आणि मुक्तीची भाषा बोलणाऱ्या वीरापेक्षा उधारीवर धान्य देणारा सावकार या राष्ट्रांच्या अधिक कामी आला.

१९५२च्या निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाच्या जाहीरनाम्याने, साम्यवादाला नुसता आवर घालण्याचे ट्रूमन सरकारचे धोरण निष्फळ व अनैतिक ठरविले, आणि पुढे परराष्ट्रमंत्री झालेल्या जॉन फॉस्टर डलेस यांनी 'मुक्ती' हा शब्द हाती घेतला. अमेरिकेच्या औद्योगिक नगरांत पोलिश व हंगेरियन वंशाचे मतदार पुष्कळ होते, एवढे सांगितले म्हणजे या शब्दाच्या लोकप्रियतेचा अर्धा उलगडा होतो. म्युनिकहून 'रेडिओ फ्री युरोप' बोलत होता. पत्रके बांधलेले फुगे वाऱ्यावर सोडून सीमेपलीकडे धाडले जात होते. आणि नेमक्या त्याच काळात, १९५३च्या डिसेंबरात मंजूर झालेल्या राष्ट्रीय सुरक्षा परिषदेच्या गुप्त मसुद्यात मात्र नमूद होते की, सोव्हिएतांची संमती किंवा प्रत्यक्ष युद्ध यांवाचून कोणतेही मोठे मांडलिक राष्ट्र त्यांच्या गोटातून फुटणे तूर्त शक्य दिसत नाही. त्याच वर्षीच्या जूनमध्ये पूर्व बर्लिनच्या कामगारांनी उठाव केला, तेव्हा या मुक्तिदात्याने अन्नाची पाकिटे वाटली होती. दफ्तरात एक आणि ध्वनिक्षेपकावर दुसरे, ही विसंगती वॉशिंग्टनमध्ये कोणाला बोचली असेल तर तिचा परिणाम कोठे दिसला नाही.

तिची किंमत बुडापेस्टने चुकती केली. २३ ऑक्टोबर १९५६ रोजी तेथे उठाव झाला. चारच दिवसांनी डलेस यांनी डॅलस येथील भाषणात सांगून टाकले की, या राष्ट्रांकडे आम्ही संभाव्य लष्करी मित्र म्हणून पाहत नाही. आणि सोव्हिएत पुढाऱ्यांचा गैरसमज राहू नये म्हणून मॉस्कोतील राजदूत चार्ल्स बोलेन यांच्याकरवी हा निरोप त्यांच्या कानी घातला गेला. या एका निरोपाने रणगाडे निघाले असे म्हणणे धाडसाचे होईल, परंतु त्यांच्या वाटेतील शंकेचा एक खडा त्याने दूर केला, हे कसे नाकारावे? १ नोव्हेंबरला पंतप्रधान इम्रे नागी यांनी वॉर्सा करारातून बाहेर पडून हंगेरी तटस्थ झाल्याचे जाहीर केले. ४ तारखेच्या पहाटे सोव्हिएत फौजा राजधानीत घुसल्या. आणि त्या दिवशीही पाश्चात्त्य मदतीची आशा लावणारे प्रक्षेपण म्युनिकहून चालूच होते. मदत आली नाही. सुएझवर ब्रिटन व फ्रान्स बाँब टाकीत होते आणि ६ नोव्हेंबरला अमेरिकेत मतदान होते. सुमारे दोन लक्ष हंगेरियन देशोधडीला लागले. नागी यांना १९५८च्या जूनमध्ये फासावर चढविण्यात आले.

शेजारच्या पोलंडमध्ये त्याच ऑक्टोबरात सत्तेवर आलेल्या गोमुल्का यांनी मॉस्कोशी नाते तोडले नाही, पण सामुदायिक शेते मोडू दिली. अमेरिकेने १९५७ साली त्यांना साडेनऊ कोटी डॉलरची पत दिली, तीही बहुतांशी शेतमालाच्या रूपाने. ढोल वाजले नाहीत, कोणी मेलेही नाही.

उधारीची ही वाट निर्दोष होती असे मात्र नव्हे. १९६८ साली चेकोस्लोव्हाकियावरील स्वारीत सामील होण्याचे नाकारणारे चाउसेस्कू वॉशिंग्टनला इतके प्रिय झाले की, १९६९ मध्ये निक्सन स्वतः बुखारेस्टला गेले आणि १९७५ मध्ये रुमानियाला व्यापारी सवलतींची सनद मिळाली. घरात तोच गृहस्थ प्रजेला अन्नाला व उबेला महाग करीत असताना त्याच्या मॉस्कोविरोधी ताठ मानेकडेच पाहण्याची सवय अमेरिकन मुत्सद्द्यांना जडली होती. प्रतिस्पर्ध्याला टोचण्याचा काटा एवढ्याच नजरेने छोट्या राष्ट्राकडे पाहिले की, त्या राष्ट्रात माणसेही राहतात याचा विसर पडतो.

आपणही या प्रकरणात अगदी कोरे नाही. ९ नोव्हेंबर १९५६ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत, हंगेरीत खुल्या निवडणुका व्हाव्यात या ठरावाविरुद्ध भारताने सोव्हिएत गोटाच्या बरोबरीने मत दिले. सुएझबद्दल कडाडणाऱ्या दिल्लीचे हे मत जयप्रकाश नारायण यांच्यासारख्यांना असह्य झाले आणि तो रोष रास्तच होता. परंतु याच दिल्लीची दुसरी एक कृती त्या मतापेक्षा मला मोठी वाटते. उठावानंतर पकडलेले लेखक आर्पाद गोंत्झ यांना १९५८ साली जन्मठेप झाली. फाशी टळली ती, मॉस्कोतील आपले राजदूत के. पी. एस. मेनन यांच्या रदबदलीमुळे, असे सांगितले जाते. तिचा गाजावाजा कोणी केला नाही. गोंत्झ १९६३च्या माफीत सुटले, तुरुंगात शिकलेल्या इंग्रजीच्या बळावर भाषांतरे करून पोट भरू लागले आणि १९९० साली हंगेरीचे राष्ट्राध्यक्ष झाले.